पहिल्यांदा समुपदेशनासाठी येताना

‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळे की काय, प्रथम येणाऱ्या अनेकांना वाटते की, समुपदेशक आपले म्हणणे ऐकून घेतील आणि काय करावे ते तासाभरात सांगून मोकळे होतील. प्रत्यक्षात सुमारे 50 मिनिटांच्या पहिल्या भेटीत सल्ला जवळजवळ मिळत नाही. झोप, भूक, कामातले लक्ष, घरातील वातावरण, जुने आजार आणि चालू औषधे यांविषयी प्रश्न विचारले जातात. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हेही आम्ही प्रत्येकाला विचारतो. त्याने दचकू नये, कारण विचारल्यामुळे असे विचार मनात रुजत नाहीत. थकवा आणि उदासी थायरॉईडच्या विकारामुळे किंवा बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही येऊ शकते, म्हणून काहींना आधी फॅमिली डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घेण्यास सुचवले जाते.

कोल्हापुरात चार माणसांत दोन तरी ओळखीची निघतात, त्यामुळे ‘कुणी पाहिले तर?’ ही धास्ती आम्हाला परकी नाही. येणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडू नये म्हणून दोघांच्या भेटींमध्ये आम्ही मुद्दाम वेळ मोकळा ठेवतो. महाद्वार रोडवर किंवा रंकाळ्यावर आपली गाठ पडली, तर समुपदेशक आपणहून ओळख दाखवणार नाहीत. तुम्ही हाक मारलीत, तर मात्र अवश्य बोलतील. याला तुसडेपणा समजू नये. घरच्यांनी फोन करून ‘आमच्या सूनबाई काय बोलल्या?’ असे विचारले, तरी प्रौढ व्यक्तीच्या संमतीशिवाय काहीही सांगितले जात नाही, मग फी कोणीही भरलेली असो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नेही गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याला मर्यादा आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे आम्ही सुरुवातीलाच सांगतो, कारण बोलून झाल्यावर कळणे अन्यायाचे ठरेल.

पुढील भेटी बहुधा आठवड्यातून एकदा होतात. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले बोलल्यावर सुरुवातीच्या काही भेटींनंतर मन हलके होण्याऐवजी जड वाटू शकते. तसे झाल्यास येणे थांबवण्यापूर्वी ते समुपदेशकांना सांगावे. त्यांच्याशी सूर जुळत नसेल, तर तेही निःसंकोचपणे सांगावे, आम्ही दुसरे नाव सुचवू.

समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे आहे आणि गरज भासल्यास आम्ही त्यांच्याकडे पाठवतो. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आमचे केंद्र रात्री बंद असते. अशा वेळी जगणे नकोसे वाटू लागले, तर सकाळची वाट न पाहता घरातील विश्वासू व्यक्तीला उठवावे आणि ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करावा, ही शासकीय सेवा चोवीस तास विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असल्यास थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.