मुखीय कँडिडासंसर्ग, एचआयव्हीबाधितांतील

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या तोंडातील श्लेष्मकलेवर (ओलसर अस्तरावर) कँडिडा प्रजातीच्या यीस्टसदृश कवकांमुळे होणारा संसर्ग. बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स ही जाती कारणीभूत असते. वैद्यकीय व्यवहारात ‘थ्रश’ किंवा ‘ओरल कँडिडा’ हे शब्द चालतात. मराठी बोलण्यात ‘तोंड आलंय’ एवढ्यावरच भागते, पण तोंडातले साधे व्रण, जिभेची आग आणि कवकाचा पांढरा थर या तिन्ही गोष्टी त्या शब्दप्रयोगात मावतात. त्यामुळे असा रुग्ण बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढू शकतो.

इतिहास व नामकरण : हिपॉक्रेटीसच्या नावावरील ग्रंथांत अशक्त रुग्णांच्या तोंडातील ‘ॲफ्थी’चे उल्लेख आहेत. ते थ्रशचेच वर्णन होय असे पुष्कळ लेखक मानतात, मात्र हा शब्द इतर व्रणांसाठीही वापरला जाई. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे. त्यांपैकी अमुक एक म्हणजे कँडिडासंसर्ग, अशी जोडी लावणे धाडसाचे ठरेल.

कवकाचा शोध कोणी लावला याबद्दल एकमत नाही. जर्मन शल्यचिकित्सक बेर्नहार्ड फोन लांगेनबेक याने १८३९ मध्ये आंत्रज्वराने (टायफॉइडने) मेलेल्या रुग्णाच्या घशातील थरात कवक पाहिले, म्हणून अनेक पाठ्यपुस्तके श्रेय त्याला देतात. परंतु त्याने त्या कवकाचा संबंध थ्रशशी नव्हे, तर मूळ ज्वराशी जोडला होता. स्टॉकहोममध्ये अर्भकांवर उपचार करणारा फ्रेडरिक बर्ग आणि पॅरिसमधील डेव्हिड ग्रुबी या दोघांनी १८४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे थ्रशमधील कवकाचे वर्णन केले. बर्गने थरातील द्रव्य निरोगी बाळांच्या तोंडात लावून रोग उत्पन्न होतो हेही दाखवले. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग कुठेच बसणार नाही, पण कार्यकारणाचा पुरावा मागायचा तर अग्रमान बर्गकडेच जातो.

पुढे शार्ल रोबँ याने त्याला ऑइडियम अल्बिकन्स म्हटले (साल काही ठिकाणी १८४७, तर काही ठिकाणी १८५३ असे मिळते). १८९० मध्ये त्सोप्फ याने ते मोनिलिया प्रजातीत टाकले. जुन्या वैद्यकीय पुस्तकांतला ‘मोनिलिएसिस’ हा शब्द तिथूनच आला. वास्तविक मोनिलिया हे कुजक्या फळांवरचे कवक. हा घोळ डच संशोधिका क्रिस्टीन बेर्खाऊट हिने १९२३ मध्ये उत्रेख्त विद्यापीठाच्या प्रबंधात कँडिडा ही वेगळी प्रजाती मांडून निस्तरला. लॅटिनमध्ये ‘कँडिडा’ म्हणजे शुभ्र आणि ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरे होत जाणारे, तेव्हा नावात पांढरेपणा दोनदा आला आहे. या एका जातीला शंभरावर नावे मिळालेली आहेत.

कँडिडा डब्लिनिएन्सिस ही दुसरी जाती १९९५ मध्ये डब्लिन येथे एचआयव्हीबाधितांच्या तोंडातील नमुन्यांवरून वर्णिली गेली. ती अल्बिकन्ससारखीच अंकुरनलिका (पेशीतून फुटणारी बारीक नळी) काढते, म्हणून नेहमीच्या चाचणीत दोघींत फरक दिसत नाही. मात्र ४५ अंश सेल्सिअसला तिची वाढ खुंटते. एचआयव्हीच्या साथीबरोबर ती उदयाला आली असावी, असा आरंभी समज झाला. नंतर ब्रिटिश संग्रहात १९५७ साली वेगळ्याच नावाने ठेवलेला एक नमुना याच जातीचा निघाला. जाती जुनीच होती, तिला शोधण्याचे कारण नवे मिळाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

एचआयव्हीशी संबंध : ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची नोंद छापली गेली. एड्सच्या इतिहासाचा आरंभ तेथून धरतात. न्यूमोसिस्टिस न्यूमोनियामुळे ती नोंद गाजली, पण पाचही जणांच्या श्लेष्मकलेवर कँडिडा होता, हे सहसा सांगितले जात नाही. विषाणूचा पत्ता लागण्याआधी वैद्यांना दिसलेल्या खुणांत तोंडातला हा पांढरा थर होता.

हे कवक बाहेरून येतेच असे नाही. निरोगी माणसांपैकी निदान एकतृतीयांश जणांच्या तोंडात ते निरुपद्रवीपणे राहत असते. एचआयव्ही ज्या पांढऱ्या रक्तपेशी नष्ट करतो त्या सीडी४ पेशींची संख्या (निरोगी प्रौढात साधारण ५०० ते १५०० प्रति घन मिमी.) २०० च्या खाली गेली की संसर्गाचा धोका ठळकपणे वाढतो, तरी त्याहून जास्त संख्या असतानाही तो आढळतो. सीडी४ पेशींमधील टीएच-१७ हा गट इंटरल्यूकिन-१७ हे संदेशवाहक प्रथिन स्रवतो. त्याच्या प्रभावाने श्लेष्मकला कवकरोधी प्रथिने तयार करते आणि न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) तेथे बोलावल्या जातात. एचआयव्हीमध्ये हा गट लवकर घटतो. रक्तातील न्यूट्रोफिल मात्र पुष्कळ अंशी शाबूत राहतात, म्हणून तोंड व ग्रसिका (अन्ननलिका) कवकाने भरलेली असूनही ते रक्तात पसरणे विरळा. कर्करोगावरील औषधांनी न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णात रक्तसंसर्गाची भीती मोठी असते. सूक्ष्मजंतू एकच असला तरी संरक्षणाची कोणती भिंत पडली यावर रोगाचे रूप ठरते.

प्रकार : छद्मपटली प्रकारात गाल, टाळू व जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर येतात. ते कापसाने पुसता येतात व खाली लालसर, क्वचित रक्ताळलेला पृष्ठभाग दिसतो. लालसर (आरक्त) प्रकारात थर नसतोच. टाळूवर व जिभेच्या मधोमध लाल डाग पडतात, तिखट लागले की आग होते आणि हा प्रकार तपासणीत हमखास निसटतो. ओठांचे कोपरे चिरतात तेव्हा कँडिडाबरोबर जिवाणू किंवा लोहाची कमतरताही कारण असू शकते. जिभेच्या कडेवरचा न पुसता येणारा, उभ्या सुरकुत्यांचा पांढरा पट्टा हा कँडिडा नसून एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होणारा लोमश श्वेतचट्टा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ओठांचे कोपरे चिरणे दुसऱ्या, दीर्घकाळ टिकणारा मुखीय कँडिडा तिसऱ्या आणि ग्रसिकेतील कँडिडा चौथ्या अवस्थेत मोडतो. निदान बहुधा डोळ्यांनीच होते. शंका असल्यास खरवडलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहतात. केवळ संवर्धन करून कवक वाढले, एवढ्यावरून रोग सिद्ध होत नाही.

उपचार : सौम्य संसर्गात क्लोट्रिमाझोलच्या चघळायच्या गोळ्या (१० मिग्रॅ., दिवसातून पाच वेळा) किंवा निस्टॅटिनचे द्रव औषध देतात. निस्टॅटिन १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी शोधले, त्याच्या नावात न्यूयॉर्क स्टेटची आद्याक्षरे आहेत. महाराष्ट्राचाही या औषधवर्गात वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० च्या आसपास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हमायसिन मिळवले. गावाचे नाव त्या जातीला चिकटले आहे. तोंडातील कँडिडावर ते लावत असत, पुढे क्लोट्रिमाझोल, फ्लुकोनाझोल यांसारख्या ॲझोल औषधांपुढे मागे पडले.

सध्या फ्लुकोनाझोल १०० ते २०० मिग्रॅ. रोज, ७ ते १४ दिवस, हा प्रचलित उपचार आहे. गिळताना दुखत असेल तर ग्रसिकेतील संसर्ग गृहीत धरून १४ ते २१ दिवस देतात. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत स्थानिक औषधांना प्राधान्य असते. १९९० च्या दशकात वारंवार फ्लुकोनाझोल घेतलेल्या रुग्णांत प्रतिरोधी कवक दिसू लागले. औषध पेशीबाहेर फेकणारे पंप वाढणे आणि औषधाचे लक्ष्य असलेले विकर (एन्झाइम) बदलणे ही त्याची मुख्य कारणे. प्रतिबंधासाठी कायम औषध देऊ नये, हा संकेत त्यामुळेच पडला.

१९९६ नंतरच्या संयुक्त विषाणुरोधी उपचाराने हा रोग झपाट्याने घटला. त्यातील प्रोटिएझ-रोधके ही औषधे कवकाची प्रथिनभंजक विकरेही थेट रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तरी घट मुख्यतः प्रतिकारशक्ती सावरल्यामुळे झाली, असे मानण्याकडे कल आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी (हाच विषाणुरोधी उपचार) मोफत मिळू लागले आणि २०१७ पासून सीडी४ संख्या न पाहता सर्व बाधितांना ते सुरू करण्याचे धोरण आले. नियमित एआरटी घेणाऱ्याच्या तोंडात पुन्हा थर आला, तर गोळ्या चुकत आहेत का आणि विषाणुभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) किती आहे, हे आधी पाहावे लागते.

इतर कवके : हिस्टोप्लाझ्मामुळे जिभेवर वा टाळूवर कडक कडांचे व्रण होतात. ते कर्करोग किंवा क्षयासारखे दिसत असल्याने ऊतीचा तुकडा तपासावा लागतो. टॅलरोमायसिस मार्नेफेई हे कवक भारतात प्रामुख्याने मणिपूर व आसपासच्या भागांतून नोंदले गेले आहे. त्यात त्वचेवरील गाठींबरोबर तोंडातही व्रण आढळू शकतात.