सेंटर खेळाडूची पारख (बास्केटबॉल)

बास्केटबॉल संघात रिंगजवळ खेळणाऱ्या, बहुधा सर्वांत उंच खेळाडूला सेंटर म्हणतात. त्याला संघात घेण्याआधी रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवणे), बचाव, रिंगखालची फेक, पास आणि पायांची चपळाई तपासून घ्यावी लागते. व्यावसायिक लीगमध्ये या कामाला पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, असतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, हे काम शाळेतल्या क्रीडाशिक्षकांवर आणि महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांवर येऊन पडते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरायचे, तर बारावीच्या निकालानंतरचे प्रवेशाचे दिवसच खेळाडू हेरण्याचे असतात.

उंची आधी डोळ्यांत भरते आणि तिथेच निवड चुकते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, पण तिच्याजवळ काम करतो तो हात, डोके नव्हे. म्हणून बूट काढून उंची घेतल्यावर हाताची पोच, म्हणजे टाचा टेकवून हात वर केल्यावर बोटे कुठवर जातात, तेही मोजावे. लांब हातांचा सहा फूट दोन इंची मुलगा आखूड हातांच्या सहा फूट चार इंची मुलाला सहज भारी पडू शकतो. शालेय स्पर्धांच्या १४ वर्षांखालील गटात आणखी एक फसगत होते. लवकर वाढलेला मुलगा तिथे सेंटर म्हणून गाजतो आणि १७ वर्षांखालील गटात पोहोचेतो बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात. अशा वेळी आईवडिलांची उंची विचारलेली बरी.

‘उंची शिकवता येत नाही, बाकी सगळे येते’ असे प्रशिक्षक मंडळी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे, कारण चेंडू धरणारे हातही सहजी घडत नाहीत. त्याची परीक्षा सोपी आहे: जवळून, थोडा वाकडा, गुडघ्याच्या उंचीचा पास द्यावा आणि चेंडू धरल्यानंतरचा क्षण पाहावा. चेंडू पोटाशी घेऊन मग वर नेणाऱ्याच्या हातातून बुटका गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू) तो हिसकावतो. चांगला सेंटर चेंडू हनुवटीपाशी, कोपरे बाहेर काढून ठेवतो.

रिबाउंडच्या बाबतीत आकडा फसवा असतो. दुबळ्या संघाविरुद्ध कोणीही दहा चेंडू गोळा करील. शॉट सुटताच मुलगा वर चेंडूकडे बघत राहतो की आधी आपला माणूस शोधून त्याला पाठीवर घेतो, हे पाहावे. त्याने असे पाठीवर घेऊन बॉक्स आउट केले आणि चेंडू सोबत्याच्या हाती गेला, तर स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही, काम मात्र त्याचेच असते. आक्रमणात रिबाउंड मिळाला की फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमानुसार शॉट क्लॉक (फेकीसाठी उरलेला वेळ दाखवणारे घड्याळ) १४ सेकंदांवर येते, म्हणजे संघाला आणखी एक डाव मिळतो. पहिली उडी हुकल्यावर दुसरी किती पटकन निघते, यावर हे चेंडू ठरतात.

बचावात नियमांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) बचाव करणाऱ्याला कोणाला मार्क न करता रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत असे बंधन नाही आणि आपल्याकडचे सामने फिबाच्या नियमांनी होतात. त्यामुळे इथे जड पायांचा सेंटरही रिंगखाली उभा राहून उपयोगी पडतो. पण पाचव्या फाऊलला बाहेर जावे लागते. सरळ वर उडी न मारता खाली हात मारणारा मुलगा दुसऱ्या क्वार्टरलाच बाकावर बसतो.

फ्री थ्रोकडे (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीकडे) दुर्लक्ष महाग पडते. एनबीएतल्या शकील ओ’नीलसारख्या बलाढ्य सेंटरची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी जेमतेम ५३ टक्के होती आणि प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाऊल करत. उलट निकोला योकिच हा सेंटर फारसा उडी न मारणारा, पण पास देण्यात अव्वल. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) तो ४१ वा निवडला गेला आणि पुढे तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पारख करणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

खानदेशातल्या पारखीला स्थानिक बाजूही आहे. उंच मुलगा दिसला की व्हॉलीबॉलवाले अनेकदा आधी पोहोचतात, आणि खरे सांगायचे तर तिथून आलेल्या मुलाची उडी व वेळ साधण्याची सवय तयारच असते. त्याला शिकवायचे ते पिव्होट (एक पाय रोवून त्याभोवती वळणे) आणि अंगाला अंग लावून खेळणे. उघड्या सिमेंट कोर्टवर जड मुलाचे गुडघे लवकर बोलू लागतात, तेव्हा उडीनंतर तो दोन्ही पायांवर उतरतो का, गुडघा आत वळतो का, हे बघून घ्यावे. मे महिन्याच्या जळगावी उन्हात निवड चाचणी सकाळी लवकर उरकतात. पण सकाळच्या ताज्या पायांवर दम कळत नाही. चाचणीच्या शेवटी पूर्ण कोर्टवर सामना खेळवून सेंटर बचावाला धावत परततो की चालत, हे पाहणारे क्रीडा संचालक म्हणूनच हुशार.

थ्री बाय थ्री (प्रत्येक बाजूला तीन खेळाडूंच्या) प्रकारासाठी हे निकष बदलतात. अर्ध्या कोर्टवर १२ सेकंदांत शॉट घ्यायचा असतो आणि बचावातला रिबाउंड मिळाल्यावर चेंडू रिंगपासून दूर आखलेल्या कमानीबाहेर न्यावाच लागतो. ड्रिबल (चेंडू टप्पे देत नेणे) न येणारा सेंटर तिथे रिंगखालीच अडकतो.