फिर्यादी हजर आहे का?

पुकारा झाला तेव्हा आजी अजून छत्रीच मिटवत होती. पावसाळ्यातली सकाळ, कोकणातलं एक सत्र न्यायालय. पहाटे सुटणाऱ्या वस्तीच्या गाडीनं ती आली होती. जामीन अर्ज बोर्डावर अकरावा. गुन्हा बलात्काराचा; आरोपी त्यांच्याच वाडीतला, नात बारा वर्षांची. आईबाप मुंबईला, म्हणून फिर्याद आजीनं दिलेली. "फिर्यादी हजर?" असं विचारल्यावर पोलीस शिपायानं बोट दाखवलं आणि आजी उभी राहिली. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आधीच दाखल झाला होता. आरोपीच्या वकिलांनी वीसेक मिनिटं घेतली आणि आदेशासाठी पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर आजीनं एकच विचारलं, "मगे, सुटलो काय तो?"

गाव-तालुका सांगत नाही. बारा घरांच्या वाडीत नाव छापावं लागत नाही, वाडी छापली तरी पुरतं. गावाकडच्या बातम्या लिहिणाऱ्यांना हे अजून उमगलेलं दिसत नाही.

अशा गुन्ह्यात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी हजर हवी, हा आजीला तिथे उभं करणारा नियम २०१८ चा आहे. त्याआधीची शंभराहून अधिक वर्षं तिला कुणी बोलावलंच नसतं. जामीन ही सरकार आणि आरोपी या दोघांतली बाब होती. ज्याच्यावर गुन्हा घडला तो साक्षीदार, आणि साक्षीदाराचं काम खटला उभा राहिल्यावर. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची चौकट अशी : गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हक्कानं, अजामीनपात्र असेल तर कोर्टाच्या मर्जीनं, आणि फाशी किंवा काळ्या पाण्याची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात खालच्या कोर्टानं सहसा द्यायचाच नाही. बलात्काराला काळ्या पाण्यापर्यंतची शिक्षा होती, म्हणून तो या शेवटच्या खणात.

त्या काळातला जामीन म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवतात. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. अखेर उच्च न्यायालयात न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. वकिलांच्या भाषणांत हा प्रसंग हमखास येतो. याच टिळकांनी सहा वर्षं आधी, १८९१ मध्ये, संमतीवयाच्या बिलाला कडाडून विरोध केला होता, हे त्या भाषणांत येत नाही. त्या कायद्यानं संमतीचं वय दहावरून बारा झालं, विवाहित मुलीसाठीसुद्धा. पुढे ते टप्प्याटप्प्यानं सोळावर आणि २०१२-१३ मध्ये अठरावर गेलं. आज 'अल्पवयीन' म्हणून जामीन अडतो तेव्हा त्या शब्दामागे एवढा रस्ता आहे.

स्वातंत्र्यानंतर जामिनाचा खरा विचार झाला तो आणीबाणी संपल्यावर. अटकपूर्व जामीन १९७३ च्या नव्या संहितेत आधीच आला होता. १९७८ च्या दुरुस्तीनं तपासाची मुदत ठरली : गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत, इतरांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क. वकील याला 'डिफॉल्ट' म्हणतात आणि तपासी अधिकारी त्या तारखेला भूत म्हणतो. न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७७ मध्ये बालचंद प्रकरणात 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' या अर्थाचं सूत्र मांडलं. पुढच्याच वर्षी मोतीराम प्रकरण आलं. मोतीराम हा गवंडी. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून तोही नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं यावर खालच्या कोर्टाला चांगलंच सुनावलं.

कोकणात हे प्रकरण वाचताना वेगळंच काही लागतं. इथे जामीनदार म्हणजे सातबारा. आणि आमचा सातबारा म्हणजे आजोबांच्या नावाखाली चुलत-सावत्र मिळून वीस-पंचवीस नावं; निम्मे मुंबईला, दोघे-तिघे वारलेले आणि वारसनोंद नाही. अशा सामायिक कागदावर तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. जमीन असून जामीन नाही. ज्याला सातबाराच नाही त्याची गोष्ट आणखी पुढची : आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी, मच्छीमार बोटीवरचा परप्रांतीय खलाशी, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेलं कुटुंब. यांच्यातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला तर जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदेशानंतर महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं अट सैल करण्याचा विचार करावा. देशातल्या कैद्यांपैकी पाऊणभर कच्चे कैदी आहेत, हा आकडा नुसता न्यायाधीशांच्या कडकपणामुळे फुगलेला नाही.

म्हणजे सत्तरच्या दशकाअखेर आरोपीच्या बाजूनं दार किलकिलं झालं. नेमक्या त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूचा संतापही उसळला. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचे आरोपी सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये निर्दोष सोडले. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांच्यासोबत त्यात रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार होते. रस्त्यावर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरायचं, पीडितेचं नाव छापायचं नाही. जामिनाच्या कलमांना मात्र हात लागला नाही. चळवळीचं सगळं लक्ष निकालावर होतं, निकालापर्यंतच्या पाच-सात वर्षांकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. माझ्या मते ती चूक पुढे फार महागात पडली.

किनाऱ्यावर वेगळा प्रश्न शिजत होता. गोव्यात मडगावजवळ अनाथाश्रम चालवणाऱ्या एका परदेशी वंशाच्या इसमाला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. मुंबईत कुलाब्याच्या एका बालगृहाचं प्रकरण २००१ मध्ये उघड झालं. त्यांचं एक घर रायगडात मुरूडला होतं. त्यातले दोन ब्रिटिश आरोपी देशाबाहेर होते, एकाला अमेरिकेतून आणावं लागलं. २००६ मध्ये शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयात सुटका, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा शिक्षा. 'आरोपी पळून जाईल' ही जामीन नाकारतानाची ठरीव ओळ कधी अक्षरशः खरी असते, ती अशी. पण या खटल्यांनी दाखवलेली मोठी उणीव दुसरीच. मुलग्यांवरच्या अत्याचाराला आपल्याकडे स्वतंत्र कलमच नव्हतं. दंडसंहितेच्या कलम ३७७ वर, म्हणजे 'अनैसर्गिक संभोगा'च्या कलमावर, भागवावं लागत होतं. गोव्यानं २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा आणि बालन्यायालय केलं. देशाला त्यासाठी १४ नोव्हेंबर २०१२ उजाडावा लागला. त्या दिवशी पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू झाला.

पॉक्सोत जामिनासाठी वेगळं कलम नाही. नेहमीचीच संहिता लागू, असं कायदा म्हणतो. पण कलम २९ आहे : ठरावीक गुन्ह्यांत खटला चालताना आरोपीनं गुन्हा केला असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मग प्रश्न आला की ही धारणा जामिनाच्या टप्प्यावरही लावायची का? दिल्ली उच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं की आरोप निश्चित झाल्यावरच तिचं वजन पडेल, आणि सोबत मुलाचं वय, दोघांतलं अंतर, नातं, धमकी अशा गोष्टी पाहाव्यात. सर्वच कोर्टांत एकच माप लागतं असं नाही. एखाद्या आदेशात कलम २९ दोन पानं घेतं, एखाद्यात त्याचा उल्लेखही नसतो.

त्याच कायद्यात कलम ३५ आहे आणि माझ्या लेखी जामिनाची अर्धी भांडणं तिथे आहेत. कोर्टानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष, आणि शक्य तितकं वर्षभरात खटला पूर्ण. हे पाळलं गेलं असतं तर जामिनाचा प्रश्न बराच सुटला असता : मूल बोलून मोकळं झालं की त्याला दबावाखाली आणण्याची भीती ओसरते, आणि आरोपीलाही अनिश्चित काळ आत बसावं लागत नाही. प्रत्यक्षात साक्ष लांबते, डीएनएचा अहवाल यायचा असतो, न्यायाधीशांची बदली होते. दोन-अडीच वर्षांनी आरोपीचा वकील म्हणतो, खटला संपायची चिन्हं नाहीत, अशील किती दिवस आत ठेवणार? युक्तिवाद चुकीचा नसतो. आणि त्याच दोन-अडीच वर्षांत मुलगी सातवीतून दहावीला गेलेली असते, साक्ष अजून व्हायचीच असते. विलंब कुणामुळे झाला हे विचारलं, तर दोन्ही बाजू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. वर्मा समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ मध्ये शिक्षा वाढल्या. २०१८ मध्ये कठुआ आणि उन्नावच्या बलात्कार प्रकरणांनंतर एप्रिलमध्ये वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला. हा पहिला कायदा जो जामिनापर्यंत पोचला. सोळा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारात अटकपूर्व जामीन बंद. नियमित जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिनं नेमलेला माणूस हजर असणं बंधनकारक. आमची आजी इथून कोर्टात आली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, हीच तरतूद कलम ४८३ मध्ये आहे.

पण हजर असणं आणि ऐकलं जाणं यांत अंतर असतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर पॉक्सोच्या प्रकरणांत जामीन अर्जाची नोटीस मुलाच्या कुटुंबापर्यंत पोचायलाच हवी, असं बजावलं. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पीडिताला जामिनासकट प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क आहे. मधल्या काळात एक लाजिरवाणा प्रसंगही घडून गेला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्यानं फिर्यादीच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी. १८ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली; आरोपी-पीडितेची गाठ पडेल, तडजोड किंवा लग्न सुचवलं जाईल अशी कोणतीही अट नको, असं लिहून ठेवलं.

आमच्याकडे गाठ पाडायला अटीची गरजच नसते. बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच, हे सरकारी आकडे दरवर्षी सांगतात. कोकणात ओळखीचा म्हणजे भावकीतला किंवा शेजारच्या बागेतला. विहीर एक, देऊळ एक, शाळेची पायवाट एक. म्हणून कोर्ट अट घालतं : तालुक्यात पाऊल टाकायचं नाही. मुंबईत कुणाची तरी खोली असतेच, माणूस तिथे जाऊन राहतो. मग श्रावण सरतो आणि अर्ज येतो : गणपतीपुरती पाच दिवस सवलत मिळावी, घरचा गणपती आहे. शिमग्याला पालखीसाठी पुन्हा. अर्ज कायद्यात बसतो. पण आरतीला तो समोर उभा राहणार हे त्या मुलीला ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून तिचं साक्षीचं बळ ओसरू लागतं. "मिटवून टाका, आपलीच माणसां" म्हणणारेही तेव्हाच घरी येतात.

दुसरी बाजूही खोटी नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा पळून जातात, मुलीचा बाप पोलिसांत जातो, मुलगा पॉक्सोखाली आत. मुलगी कोर्टात सांगते की मी माझ्या मर्जीनं गेले, आणि कायद्याला तिची मर्जी मोजता येत नाही. २०२३ मध्ये विधी आयोगानं अठराचं वय खाली आणू नये असाच सल्ला दिला. सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत कोर्टाला सवलत असावी, एवढं म्हटलं. तोवर या मुलांचा सगळा न्याय जामिनाच्या अर्जातच होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा मागणी जामिनाची नव्हतीच, फाशीची होती. महिनाभरानं आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, आणि त्या मुलींच्या प्रकरणात त्याच्यावर खटला चालायचा राहिला तो राहिलाच. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेलं, बलात्काराला फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयकही कायदा झालं नाही.

बदल झाला तो भूगोलात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, रात्रीची गाडी. सत्र न्यायालयानं अर्ज फेटाळला की आरोपीचा वकील मुंबईत अर्ज लावायचा आणि फिर्यादीला कळायचं ते आरोपी घरी आल्यावर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याच्या सहा जिल्ह्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही आहेत, रायगड मुंबईकडेच राहिलं. आता घाट चढला की उच्च न्यायालय.

आजीच्या प्रकरणात सत्र न्यायालयानं अर्ज फेटाळला. पुढची नोटीस घेऊन शिपाई वाडीत आला ती कोल्हापूरची. आजीनं अंगठा दिला, कागद देव्हाऱ्यामागे ठेवला आणि त्याला विचारलं, "घाट चालू आसा काय?"