संगीताची खास यंत्रे आणि साधा संगणक: पार्श्वभूमी

आधी सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारी वाद्ये, आली आणि त्यांची नक्कल करायला मागाहून संगणक आला, असा सर्वसाधारण समज आहे. तारखा मात्र उलट सांगतात. रॉबर्ट मूग यांचा पहिला मॉड्यूलर (सुटे भाग तारांनी जोडून वापरायचा) सिंथेसायझर 1964चा. त्याच्या सात वर्षे आधी, 1957मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकावर ‘म्युझिक’ हा प्रोग्रॅम चालवून 17 सेकंदांची रचना तयार केली होती. संगणक फक्त आकडे काढून चुंबकीय टेपवर लिहायचा, ती टेप नंतर वेगळ्या कन्व्हर्टरमधून (आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रातून) ऐकावी लागे. वाजवता वाजवता ऐकणे शक्यच नव्हते. तरीही 1963मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मॅथ्यूज यांनी ठामपणे मांडले की संगणकातून काढता येणाऱ्या आवाजांना तत्त्वतः मर्यादा नाही. अडचण खर्चाची आणि कानाविषयीच्या अपुऱ्या ज्ञानाची आहे.

त्यांच्या 1960च्या ‘म्युझिक 3’मध्ये ऑसिलेटर (मूळ कंपन निर्माण करणारा), एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा) असे छोटे घटक एकमेकांना जोडून वाद्य बनवता येई. संगणकाचा मुख्य फायदा तिथेच दिसतो. यंत्रात आणखी एक ऑसिलेटर हवा तर आणखी एक सर्किट लागते, प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ पुरते.

मग पुढची पंचवीस-तीस वर्षे खास यंत्रांचीच का ठरली? वेगामुळे. आवाज संगणकात आकड्यांच्या रूपात असतो, अशा एकेका आकड्याला नमुना म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने, 16 स्वर एकाच वेळी आणि प्रत्येक नमुन्यामागे 50 गणिती क्रिया धरल्या तर सेकंदाला साडेतीन कोटी क्रिया होतात. 1985च्या अटारी एसटी या घरगुती संगणकामधला 8 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला जेमतेम 20 लाख सूचना पार पाडू शके. म्हणून यामाहाने 1983च्या डीएक्स7 या सिंथेसायझरमध्ये खास चिप बसवल्या: 16 स्वर, प्रत्येकी सहा ऑपरेटर (डिजिटल ऑसिलेटर). सतरावी पट्टी दाबली की आधीचा एखादा स्वर तुटणार, आणि हे कधीच बदलणार नाही. आवाज घडवायला दोन ओळींचा, प्रत्येकी 16 अक्षरांचा पडदा. बहुतेकांनी तयार आवाजच वापरले यात नवल नाही.

1987च्या ई-म्यू एसपी-1200 या यंत्रात रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवता येत, पण सगळे मिळून 10 सेकंदांचेच मावत. मग 33च्या वेगाची तबकडी 45वर फिरवून रेकॉर्ड करायची आणि यंत्रात सूर पुन्हा खाली आणायचा, ही युक्ती रूढ झाली. जागा वाचे, पण वरच्या कंपनसंख्या जात आणि आवाज खरखरीत होई. तोच पुढे आवडीचा ठरला, ही गोष्ट वेगळी.

संगणक स्टुडिओत शिरला तो आवाज काढायला नव्हे, हुकूम सोडायला. 1983मध्ये मिडी आले, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा हे वाद्यांना कळवायची सामाईक पद्धत: सेकंदाला 31,250 बिट, एका स्वराच्या संदेशाला साधारण एक मिलिसेकंद. दहा स्वर एकदम पाठवले तर शेवटचा जवळपास 10 मिलिसेकंद मागे राहतो. अटारी एसटीला मिडीची भोके मुळातच होती, त्यामुळे तो सिक्वेन्सर (स्वरांचा क्रम साठवून वाद्यांकडून वाजवून घेणारा) म्हणून गाजला. तो वेळेला पक्का होता, कारण त्या वेळी तो दुसरे काहीच करत नसे.

1991च्या प्रो टूल्स या रेकॉर्डिंग प्रणालीला चार ट्रॅकसाठीही वेगळी डीएसपी कार्डे (आवाजाचे गणित करणारी खास कार्डे) लागत. खरे वळण 1996चे. स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस व्हीएसटी या प्रोग्रॅममध्ये रिव्हर्ब (घुमारा), इक्वलायझर वगैरे परिणाम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरच चालवले आणि प्लगइनचा (मुख्य प्रोग्रॅमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) व्हीएसटी हा आराखडा इतरांनाही खुला केला. 1997च्या एएसआयओ या ड्रायव्हर-पद्धतीने ऑपरेटिंग सिस्टीमचा संथ मिक्सर टाळला, 1999च्या व्हीएसटी 2ने वाद्येही प्लगइन झाली. आता मर्यादा प्रोसेसरची, आणि तो दर दोन वर्षांनी सुधारत होता.

याची किंमत म्हणजे लेटन्सी, पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. संगणक नमुने गठ्ठ्याने तयार करतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने असतील तर 64 नमुन्यांचा बफर म्हणजे 1.3 मिलिसेकंद, 256चा 5.3. कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा उशीर त्यात वेगळा मिळवायचा. तेवढ्या वेळात गणित पुरे झाले नाही की टकटक ऐकू येते. सरासरी भार 40 टक्के दिसत असला तरी एखादा वायफाय ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवतो आणि तेवढ्याने बिघडते. म्हणून बफर रेकॉर्डिंगला 64 किंवा 128, मिक्सिंगला 512 किंवा 1024 ठेवावा, जड वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे तात्पुरते तयार आवाजात बदलून ठेवावेत. खास यंत्रात ही कटकट जवळपास नसते. मंचावर आजही त्यांना पसंती मिळते ती याचमुळे.

गंमत अशी की यंत्रेही आतून संगणकच झाली. 2005च्या कोर्ग ओएसिस या कीबोर्डमध्ये पेंटियम 4 हा संगणकाचाच प्रोसेसर होता, 2011च्या क्रोनोसमध्ये इंटेल अ‍ॅटम, दोन्हींवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम.

टिकाऊपणाचा हिशेब मात्र सरळ नाही. जुन्या यंत्राची बॅटरी संपली की साठवलेले आवाज पुसले जातात, फ्लॉपी वाचत नाही, बंद झालेली चिप मिळत नाही. प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर नेता येतो, पण आपोआप नव्हे. 2019मध्ये मॅकओएस कॅटालिनाने 32-बिट प्रोग्रॅमचा आधार काढला आणि न सुधारलेले प्लगइन त्या दिवशी मुके झाले. त्यामुळे काम संपल्यावर फक्त प्रकल्पाची फाइल ठेवू नये. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून 24-बिट वेव्ह म्हणून काढावा, एकदा परिणामांसह आणि एकदा त्यांच्याशिवाय. मिडी फाइल आणि टेम्पो त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवावेत.