वापरायची मांडणी आणि बघायचं शेल्फ: दोन्ही उघडीच, पण सजवायची रीत उलटी

नवीन फ्लॅट घेतला की हल्ली किचनमध्ये वरच्या कॅबिनेटऐवजी दोन फळ्या आणि हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तीन फळ्या हे ठरलेलंच असतं, सुतारही दोन्हीला ओपन शेल्फच म्हणतो, आणि मग आपण मोबाईलवर सेव्ह केलेला एकच फोटो दोन्हीकडे लावतो. सहा महिन्यांत किचनमधली फळी चिकट आणि हॉलमधली गच्च. मग म्हणायचं की आपल्याकडे नाही बाबा चालत हे ओपन बिपन. चालतं की, आज्यांच्या घरात सगळी भांडी उघड्या मांडणीवरच असायची, आणि पाहुणे आल्यावर ती लपवावी असं कुणाला वाटायचं नाही.

फरक साधाच आहे. किचनच्या फळीवरची वस्तू दिवसातून दोनदा उचलली जाते, हॉलमधल्या फळीवरची वस्तू फक्त धूळ पुसायला उचलली जाते. बाकी सगळं यातूनच येतं, काय ठेवायचं, किती ठेवायचं, फळी किती खोल, किती उंच, सगळं.

आधी किचन. आपल्याकडे फोडणी बसते, चिमणी असली तरी तेलाची थोडी वाफ घरात फिरतेच आणि ती धुळीला चिकटली की जो थर बसतो तो नुसत्या फडक्याने जात नाही, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबणच लागतो. पण रोजचं ताट रोज घासलं जातं, त्यामुळे त्याच्यावर थर बसायला वेळच मिळत नाही. म्हणून किचनच्या उघड्या फळीवर दोन-तीन दिवसांत एकदा तरी धुतली किंवा पुसली जाईल अशीच वस्तू ठेवायची: ताटं, वाट्या, पेले, चहाचे कप, चहा-साखरेचे डबे. लग्नात आलेला क्रॉकरी सेट तिथे नको, तो दाराआड. मसाले तर अजिबात नको, फोटोत काचेच्या बाटल्यांत लाल तिखट आणि हळद छान दिसते पण उजेड आणि गॅसची ऊब लागून रंग फिका पडतो, वास उडतो, आणि मग भाजीला चव का नाही म्हणून आपण चमचाभर जास्त घालत बसतो. त्यांना मिसळणाचा डबाच बरा, झाकण लावून ओट्याखाली.

मग हे सगळं सुंदर कसं दिसणार? एकसारखेपणाने. जुनी स्टीलची मांडणी आठवा, ताटं उभी ओळीत, पुढे आडवी पट्टी म्हणजे घसरायला नको, खाली वाट्या एकात एक, पेले पालथे, कडेला कप आकड्यांना टांगलेले. सजावट म्हणून काहीच केलेलं नसायचं, पण एका मापाच्या गोष्टी एका रांगेत आल्या की आपोआप शोभा येते, आणि उभ्या ताटावर धूळ कमी बसते, पाणीही निथळतं, हे फायदे वेगळेच. आजच्या फळीवरही तेच करा. डबे एकाच जातीचे घ्या, स्टीलचे तर सगळे स्टीलचे, काचेचे तर सगळे काचेचे, जॅम संपलेल्या पाच वेगवेगळ्या बाटल्या पैसे वाचवतात पण ओळ बिघडवतात. रिकामी जागा इथे सोडू नका, भांडी एकमेकांना लागून असली तरी चालतं, उलट तीच भरलेल्या घराची शोभा (माझं मत, मिनिमलवाल्यांनी रागावू नये). आणि ते एक रोपटं आणि दोन बोल असलेले किचनचे फोटो बघून जीव जाळू नका, तिथे कुणी पोह्यांना फोडणी घालत नसतं.

माप पण वापरावरून. मोठं ताट अकरा-बारा इंची, म्हणून आडवं ठेवायचं तर फळी बारा इंच खोल, उभं ठेवणार असाल तर कमी चालेल. पहिली फळी ओट्यापासून दीड फूट वर म्हणजे मिक्सर खाली मावतो. सगळ्यात वरची फळी घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिचा हात टाचा न उचलता पोचेल तिथेच, इंटिरियर डिझायनरच्या उंचीने नाही.

आता हॉलचं शेल्फ, इथे सगळं उलटं. एकसारखेपणा इथे दुकानासारखा दिसतो. इथे उंच-बुटकं, उभं-आडवं, चकचकीत-खडबडीत असं हवं. आधी सगळ्यात मोठी वस्तू ठेवा, अगदी मधोमध नाही, जरा बाजूला, समजा पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला ठोक्याचा तांब्याचा हंडा. मग त्याच्या निम्म्या उंचीचं काहीतरी, सावंतवाडीचं लाकडी खेळणं किंवा चिनी मातीची जुनी बरणी, आणि मग एक बुटकं. तीनचा गट चारपेक्षा चांगला दिसतो कारण चार झाले की जोड्या लागतात आणि डोळा तिथेच थांबतो. पुस्तकं काही उभी, तीन-चार आडवी, आडव्या चळतीवर एखादी छोटी वस्तू. दिवाळी अंक उभे ठेवले तर वाकतात, ते आडवेच. आणि फळीचा तिसरा भाग तरी मोकळा, मागची भिंत दिसली तरच पुढची वस्तू दिसते.

खरी अडचण स्मृतिचिन्हांची. मुलांचे मेडल, ऑफिसची ट्रॉफी, कुणीतरी "सस्नेह भेट" कोरून दिलेलं घड्याळ, टाकवत नाही आणि शोभतही नाही. अर्धं आत ठेवायचं आणि गणपती-दिवाळीला बदलायचं, म्हणजे कुणाचं मनही मोडत नाही. किती ठेवायचं याचं माप एकच, रविवारी तुम्ही स्वतः जेवढं उचलून पुसाल तेवढंच. पितळ-तांबं असेल तर अजून कमी, कारण ते काळं पडतं, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तर फारच लवकर, आणि चिंच घेऊन घासत बसायला कुणाला वेळ आहे. मनी प्लांट ठेवणार असाल तर खाली बशी, नाहीतर फळीवर कायमचा गोल डाग.

इथली मुख्य फळी डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून पाचेक फूट, आणि फळी आठ-दहा इंच खोल पुरते. लाईट पिवळसर, तीन हजार केल्विनच्या आसपास, पांढऱ्या लाईटमध्ये तांबं-पितळ मेल्यासारखं दिसतं. किचनमध्ये मात्र मी पांढराच लावेन, तिथे डाळीतला खडा दिसायला हवा.

एका बाबतीत दोन्ही सारखी, वजन. पुस्तकांची मीटरभर ओळ पंचवीस-तीस किलो सहज भरते, स्टीलची ताटंही काही हलकी नाहीत, म्हणून अठरा एमएम प्लाय असला तरी तीन फुटांच्या पुढे मध्ये आधार हवाच. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो पण पाणी लागलं की फुगतो, हॉलमध्ये एकवेळ ठीक, सिंकजवळ नको. हल्लीच्या बिल्डिंगमध्ये भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर साधा प्लास्टिकचा प्लग त्यात ढिला होतो, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागून घ्या, आणि मायवनची म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीट भिंत असेल तर हॅमर ड्रिलशिवाय भोक पडणारच नाही. भाड्याच्या घरात मालक भोकंच पाडू देत नसेल तर जमिनीवर उभं राहणारं रॅक घ्या, जड सामान खालच्या कप्प्यात, आणि घरात चढणारं मूल असेल तर रॅक भिंतीला धरून ठेवणाऱ्या एका अँगलची तरी परवानगी मालकाकडून मागून घ्याच.