मुदत संपलेले डोमेन मोकळे का होत नाही?

नागपुरातल्या इतवारीतला किराणा व्यापारी असो की कळमन्यातला संत्र्यांचा अडत्या, डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत संपली की बहुतेकांचा समज एकच असतो: नाव आता मोकळे झाले, सवडीने परत घेऊ. प्रत्यक्षात डॉट-कॉमचे नाव मुदत संपल्यापासून रजिस्ट्रीतून, म्हणजे नावांच्या मूळ यादीतून, पुसले जाईपर्यंत ८० दिवस लागू शकतात. आणि ज्या नावाला थोडीफार किंमत आहे, ते पुसण्याच्या टप्प्यापर्यंत सहसा पोहोचतच नाही. त्याआधीच ते लिलावात विकले जाते.

१९९५ पर्यंत डॉट-कॉमची नोंदणी फुकट होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नेटवर्क सोल्यूशन्स या एकमेव कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. फी आली तशी थकबाकीही आली. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट-कॉमची फी भरायची राहिली आणि हॉटमेलच्या ग्राहकांचे लॉगिन अडले. शेवटी कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले.

त्याच वर्षी मक्तेदारी मोडली. मूळ यादी सांभाळणारी रजिस्ट्री वेगळी आणि ग्राहकाला नाव देणारे, आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेची मान्यता असलेले रजिस्ट्रार वेगळे, अशी विभागणी झाली. आजच्या बाजाराची किल्ली या दोघांमधल्या हिशेबात आहे. मुदत संपली की रजिस्ट्री नाव आपोआप एका वर्षाने वाढवते आणि त्या वर्षाची फी रजिस्ट्रारकडून वसूल करते. रजिस्ट्रारने ४५ दिवसांच्या आत नाव डिलीट केले, तर ती फी त्याला परत मिळते. म्हणजे दीड महिना नाव त्याच्या हातात असते आणि गिऱ्हाईक मिळाले नाही तरी त्याचा तोटा नसतो.

याचा एक त्रासदायक परिणाम आजही दिसतो. मुदत संपल्यावर चारच दिवसांनी रजिस्ट्रीची नोंद पाहिली, तर तिथे पुढच्या वर्षाची तारीख असते. मालकाला वाटते, वेब डिझायनरने पैसे भरले. पैसे कोणीच भरलेले नसतात. त्याच नोंदीत ‘ऑटो रिन्यू पिरियड’ ही स्थिती आहे का, आणि रजिस्ट्रारच्या स्वतःच्या नोंदीत मुदत-तारीख कोणती, हे पाहावे. खरी तारीख तीच.

सुरुवातीला मात्र झुंबड होती ती डिलीट झालेल्या नावांवर. २००० मध्ये स्नॅपनेम्ससारख्या कंपन्या आल्या. सुटलेले नाव त्याच क्षणी पकडण्यासाठी सगळ्यांचे सर्व्हर रजिस्ट्रीला एकाच वेळी हजारो विनंत्या पाठवू लागले आणि २००१ मध्ये रजिस्ट्रीवर इतका ताण आला की प्रत्येक रजिस्ट्रारच्या जोडण्यांवर मर्यादा घालावी लागली. मर्यादा प्रत्येक मान्यतेमागे असल्याने कंपन्यांनी मान्यताच जास्त घेतल्या. एका मान्यतेची वार्षिक फी ४,००० डॉलर असूनही एका समूहाकडे पुढे हजारावर मान्यता जमल्या. डॉट-कॉमची नावे सुटतात ती आपल्याकडच्या रात्री साधारण साडेअकराला, अमेरिकेची घड्याळे मागे गेली की साडेबाराला. त्या वेळी धरमपेठेत लॅपटॉप उघडून बसलेल्याला चांगले नाव हाताने मिळेल, ही आशा धरू नये.

या झुंबडीवर उपाय म्हणून रजिस्ट्रीने प्रतीक्षा यादीची योजना मांडली होती. २००२ मध्ये आयकॅनने तिला सशर्त होकारही दिला, पण कोर्टकज्ज्यांत ती अडकली आणि कधीच सुरू झाली नाही. जानेवारी २००३ मध्ये रिडेम्प्शनचा टप्पा आला: डिलीट केल्यावरही ३० दिवस जुना मालक जबर दंड भरून नाव परत घेऊ शकतो. त्यानंतरचे पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे, तेव्हा कोणाचेच काही चालत नाही. ४५, ३० आणि ५ मिळून ते ८० दिवस.

तोवर रजिस्ट्रारांच्या ध्यानात आले होते की हातातले नाव डिलीट करून दुसऱ्याच्या जाळ्यात सोडण्यात अर्थ नाही. त्यांनी ग्राहकाबरोबरच्या करारात कलम घातले: मुदतीनंतर नाव भरले नाही, तर ते आम्ही तिसऱ्याला देऊ शकतो. २००७ मध्ये ईनॉम आणि नेटवर्क सोल्यूशन्सने मिळून नेमजेट हे लिलावघर उभे केले, ते याच मालासाठी. असा व्यवहार रजिस्ट्रीच्या दृष्टीने साधे नूतनीकरणच असतो, फक्त मालकाचा तपशील बदलतो. मूळ नोंदणीची तारीख कायम राहते. डिलीट होऊन पुन्हा घेतलेल्या नावाला ती नवी लागते. जुन्या नावाला लिलावात जास्त भाव येतो, त्यात या तारखेचा मोठा वाटा आहे.

लिलाव बऱ्याच ठिकाणी मुदतीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागतो, नेमका दिवस प्रत्येक रजिस्ट्रारचा वेगळा. जुन्या मालकाची नूतनीकरणाची खिडकी उघडी असेपर्यंत बोली जिंकणाऱ्याचा हक्क कच्चा असतो. मालकाने पैसे भरले, की सौदा रद्द आणि रक्कम परत. म्हणून नाव आपल्या खात्यात येईपर्यंत ते पुढे कोणाला विकू नये.

ऑगस्ट २०१३ पासून रजिस्ट्रारला तीन सूचना पाठवणे बंधनकारक आहे: मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदतीनंतर पाच दिवसांत. शिवाय नूतनीकरणाच्या खिडकीतले शेवटचे किमान आठ दिवस साइट बंद ठेवावी लागते, म्हणजे मालकाला जाग यावी. घोडे अडते ते पत्त्यावर. नोंदणी डिझायनरच्या ईमेलवर असेल तर सूचना त्याच्याकडे जातात, आणि त्याने ते काम सोडलेले असू शकते. ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन थांबताच टपालही थांबते आणि शेवटची सूचना पोहोचतच नाही. नोंदणीचा ईमेल वेगळ्या सेवेवरचा आणि मालकाच्या स्वतःच्या ताब्यातलाच हवा. नाव गेले तर साइटपेक्षा टपालाची काळजी आधी करावी: नवा मालक त्या डोमेनवर येणारे सगळे मेल स्वतःकडे वळवू शकतो, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांसकट. बँक, जीएसटी आणि पुरवठादारांकडचा ईमेल त्याच दिवशी बदलावा.

गेलेले नाव भांडून परत मिळवता येते, पण वाट अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. डॉट-कॉमसाठी आयकॅनच्या नियमांची यूडीआरपी आणि २००५ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या डॉट-इनसाठी तशीच भारतीय आयएनडीआरपी ही लवादाची वाट आहे. यूडीआरपीत स्वतःचे व्यापारचिन्ह आणि समोरच्याची नोंदणी व वापर या दोन्हींतला वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. शहर आणि फळ जोडून केलेल्या नावाला हे जड जाते. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे खरे, पण यूडीआरपीत नुसते मानांकन व्यापारचिन्ह म्हणून चालत नाही.