कोरोनाकाळातील शेतकरी साहाय्य (नाशिक जिल्हा)

कोरोना साथीच्या काळात नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांना मिळालेली सरकारी मदत. पडलेल्या भावाची भरपाई थेट रोखीनेही देता येते; अमेरिकेत या काळात शेतकऱ्यांना ती पीकवार देण्यात आली. नाशिकला आलेली मदत निराळी होती: आगाऊ हप्ता, कर्जफेडीला मुदतवाढ आणि मालवाहतुकीच्या भाड्यात सूट.

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा निफाड, दिंडोरी भागात द्राक्षाची काढणी चालू होती. मजूर मिळेनात, व्यापारी बागेकडे फिरकेनात. ठरलेले सौदे मोडले आणि अनेकांनी निर्यातीसाठी जपलेला माल बेदाण्याला घातला. हे नुकसान भरून देणारी योजना कोणतीच नव्हती.

पहिली मदत आली ती पीएम-किसान या केंद्र सरकारच्या योजनेची. एप्रिल 2020 मध्ये 2,000 रुपयांचा हप्ता खात्यावर जमा झाला; मात्र तो वर्षाला ठरलेल्या 6,000 रुपयांतलाच होता. सरकारच्या कोरोना मदत पॅकेजमध्ये त्याची गणना झाली, तरी शेतकऱ्याच्या हाती नवे काही पडले नाही. पैसे लवकर आले एवढेच. सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच तो मिळत असल्याने वाट्याने शेती करणारे त्यातून वगळले गेले. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यांची व्याजसवलत आधी 31 मे आणि मग 31 ऑगस्ट 2020 पर्यंत चालू ठेवण्यात आली. राज्याची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना टाळेबंदीत अर्ध्यावर अडकली होती. ज्यांची रक्कम यायची राहिली होती त्यांच्या खात्यावर ‘शासनाकडून येणे’ अशी नोंद करून खरिपासाठी नवे कर्ज द्यावे, असे बँकांना सांगण्यात आले.

टोमॅटो, कांदा व बटाट्यासाठीची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जून 2020 मध्ये इतर फळे-भाज्यांनाही लागू झाली. जादा उत्पादनाच्या भागातून तुटवड्याच्या भागात माल नेण्यावर आणि साठवणुकीवर 50 टक्के अनुदान होते. तोवर द्राक्षाचा हंगाम आटोपला होता. शिवाय खर्च आधी स्वतः करायचा, पावत्या जोडून मागणी नंतर करायची, अशी रीत असल्याने लहान शेतकऱ्याच्या ती फारशी कामाची नव्हती.

शेतमाल वाहून नेणाऱ्या किसान रेल्वेचे तसे झाले नाही. देशातील पहिली किसान रेल्वे 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. अंतर सुमारे 1,500 किलोमीटर, प्रवास जवळपास 32 तासांचा. पुढे ती मुझफ्फरपूरपर्यंत नेण्यात आली. 14 ऑक्टोबर 2020 पासून भाड्यातील 50 टक्के सूट माल नोंदवतानाच वजा होऊ लागली. सूट दिलेली रक्कम रेल्वेला अन्नप्रक्रिया मंत्रालयाकडून मिळे. दावा, अर्ज, हेलपाटे काही नाही. एका डब्यात अनेकांचा माल जात असल्याने थोड्या क्रेट पाठवणाऱ्यालाही जागा होती. या काळातली नाशिकला सर्वांत उपयोगी पडलेली मदत हीच म्हणावी लागेल.

कांद्याची गोष्ट मात्र मदतीच्या हिशोबात बसत नाही. सरकारसाठी शेतमाल खरेदी करणाऱ्या नाफेड या सहकारी संस्थेने 2020 मध्ये राखीव साठ्यासाठी सुमारे एक लाख टन कांदा घेतला. त्यानंतर कांदाचाळीत साठवून राखलेल्या उन्हाळ कांद्याला भाव चढू लागताच 14 सप्टेंबर 2020 रोजी निर्यातबंदी आली. लासलगाव, उमराण्यासह जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. ही बंदी 1 जानेवारी 2021 पासून उठली.

किसान रेल्वेवरील अनुदान मार्च 2022 अखेर थांबले.